जलमित्राच्या घरचा नळ

नळ खोकला. अर्धी दाढी झालेल्या तोंडानं मी अंगणात पळालो, बादली तोटीखाली सरकवली आणि वाकून उभा राहिलो. आत खरखर झाली, एक लांब उसासा आला आणि त्या उसाशाबरोबर तोटीतनं एक कोळी बाहेर पडला. बादलीत पडला, जरा वेळ पाय गोळा करून बसला, मग बादलीच्या भिंतीवरनं निवांत चढायला लागला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. इतका धडधाकट कोळी एका दिवसात होत नाही. तोटीच्या तोंडाशी त्यानं जाळं विणलं असणार, त्यात चिलटं अडकली असणार, ती खाऊन हा पोसला असणार; कुणी सांगावं, ह्याचा बापही तिथंच लहानाचा मोठा झाला असेल. आणि ह्याच तोटीला, ह्याच घराला पाणी वाचवण्यात कॉलनीत पहिला नंबर. फाटकावर तशी पाटी होती. हिरवी पाटी, तिच्यावर निळा थेंब, थेंबाला हसरं तोंड आणि खाली 'जलमित्र कुटुंब, श्री. गोकुळ म्हस्के'. तो थेंब माझ्याकडंच बघून हसतो असं मला वाटायचं, म्हणून कंपनीत जाताना मी रोज मान फिरवून फाटक ओढायचो. साबण वाळून गाल ओढायला लागला तेव्हा बायकोनं, दीपमालानं, आतनं विचारलं, आलं का. नाही म्हणालो. ती काय विचारते आणि मी काय सांगतो ह्याला आता काही अर्थ उरलेला नाही. सकाळी उठल्यावर लोक राम राम म्हणतात तसं आमचं ते आहे.

हे सगळं समजावून सांगायचं म्हणजे माझं डोकं उठतं, पण सांगतो. आमची कॉलनी चिकलठाण्याला, विमानतळाच्या भिंतीच्या अलीकडं. शहराला पाणी आठवड्यातनं एकदा, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण आमचं घर गल्लीच्या टोकाला आणि जरा चढावर. पाणी सुटलं की पहिल्या घरात धो धो, मधल्यांकडं करंगळीएवढं आणि आमच्यापर्यंत नुसता वारा. घर बांधल्यापासनं हे असंच. मी अर्जावर अर्ज केले, माणसं येऊन पाइपाला कान लावून गेली, आणि लाइन सुस्थितीत आहे असं कळवून मोकळी झाली. मग नागरी जलसंस्कार अभियान नावाचं एक प्रकरण निघालं. त्यांनी आमच्या कॉलनीत प्रयोग म्हणून घरोघर मीटर बसवले आणि जाहीर केलं, वर्षभरात जो सगळ्यात कमी पाणी वापरील त्याला एक्कावन्न हजार. आम्ही मजीदभाईच्या टँकरवर जगणारी माणसं. मजीदभाई आमच्याच गल्लीतला, त्याचा एक जुना टँकर आहे, त्याचा पाइप थेट आमच्या हौदात पडतो आणि त्याचा मीटरशी काडीचा संबंध नाही. वर्ष संपलं. शेजारपाजारचे आकडे फिरले, आमचं मीटर जागचं हललं नाही. संगणकानं शून्य बघितलं आणि मला पहिला काढला.

सत्कार झाला तेव्हाच मी पळून जायला पाहिजे होतं. शाल घातली, नारळ दिला, आणि पाहुण्यांनी माइक माझ्या तोंडाशी धरून विचारलं, म्हस्केसाहेब, गुपित काय तुमचं. मी खरं तेच बोललो. साहेब, आमच्याकडं पाणी येतच नाय, म्हणालो. सभागृह हसून हसून लोटपोट. पाहुण्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की नारळ निसटला. मराठवाड्याचा माणूस असा मिश्कील असतो म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये मी उभा होतो, खांद्यावर शाल, आणि मला कळेना की मी खोटं बोललो का काय. त्या दिवसापासनं मला एक विचित्र रोग जडला. खरं बोलायला तोंड उघडलं की आधी वाटतं, आता हे हसणार. आठवड्याभरात माझी पाण्याची जुनी तक्रारही निकालात निघाली. पाणी वाचवण्यासाठी ज्याचा सत्कार झाला त्याला पाण्याची टंचाई कशी असेल, असं त्यांचं म्हणणं. कधी कधी दुपारी कंपनीच्या स्टोअरमध्ये एकटा बसलेलो असताना मला शंका यायची. येत असेल का पाणी. सगळ्या गल्लीला येतं, सरकार म्हणतं येतं, मीटर बसवणारा म्हणतो येतं, मग मलाच दिसत नसेल. माणसाच्या डोक्यात बिघाड होतो तो असाच कुठंतरी बारक्या जागी सुरू होत असेल.

पैसे मात्र आले नाहीत. औरंगपुऱ्यात एका जुनाट इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अभियान आहे आणि तिसऱ्यावर त्यांची वित्त शाखा. दुसरा मजला म्हणतो, बक्षीस वाचलेल्या पाण्याच्या किमतीतनं द्यायचं ठरलंय, तर वित्त शाखेनं किंमत काढावी आणि म्हस्क्यांना द्यावी. तिसरा मजला म्हणतो, आधी पाणी गेलेलं दाखवा, मग वाचलेलं बघू. ह्या भांडणात दोन अंदाजपत्रकं येऊन गेली. दरवेळी बैठकीत माझा विषय शेवटी यायचा आणि तोवर सगळ्यांना भूक लागलेली असायची. मी म्हणालो, बरं, पैसे राहू द्या, ती पाटी तरी काढू का फाटकावरची. तर अभियानाचे सत्यम सर, कोवळं पोरगं, अंगात कायम कोट, ते घाईघाईनं म्हणाले, बक्षीस अदा होईपर्यंत फलक हलवायचा नाही, तपासणी येऊ शकते. म्हणजे पैसे नाहीत म्हणून पाटी, आणि पाटी आहे म्हणून लोक समजतात पैसे मिळाले. मेव्हण्यानं तर दोन वर्षं बोलणं टाकलंय, उसने मागितले तेव्हा मी नाही म्हणालो म्हणून.

ह्यातलं सगळं मी गिळलं असतं. पण त्या कोळ्याच्या पंधरवडाभर आधी विहीणबाई उस्मानपुऱ्यात एका लग्नाला आल्या, सोबत आमची प्रेरणा, सातवा सरत आलेला. प्रेरणा आमची एकुलती एक, नाशकात दिलेली. लग्नाहून चहाला म्हणून घरी आल्या आणि विहीणबाई फाटकाशीच थबकल्या. चष्मा लावून त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली, थेंबापासनं माझ्या नावापर्यंत. मग पाय धुवायला न्हाणीघरात गेल्या, तर तिथं अर्धी बादली आणि त्यात दीपमालाचा पाणी मोजून घ्यायचा लहान पेला. दीपमाला सवयीनं बोलून गेली, जपून हं ताई. झालं. चहा घेताना विहीणबाई फार गोड आवाजात म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे खरंय, पण तुमच्याकडे पाण्याचं व्रतच आहे, आणि बाळंतिणीला रोजचं मालिश, शेक, न्हाणं, बाळाचे कपडे; आमच्याकडे नळाला कधीही पाणी असतं, तिकडेच होऊ दे प्रेरणाचं. आमची पोरगी कपातल्या चहाकडं बघत राहिली. गाडी गेल्यावर दीपमाला मागच्या खोलीत गेली. तिथं नवी विणून घेतलेली बाज होती, डिंक-अळीव डब्यांत भरून ठेवलेला होता, मालिशवाल्या केसरबाईला इसार देऊन झाला होता. ती त्या बाजेवर बसली आणि नवारीवरनं हात फिरवत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासनं मला एक वास यायला लागला. कंपनीत, स्कूटरवर, सिग्नलला उभा असताना, कुठंही. बाळंतशेपा आणि ओव्याच्या धुरीचा, तापलेल्या तांब्याचा आणि हळद कालवलेल्या बेसनाचा वास. प्रेरणा झाली तेव्हा आम्ही उस्मानपुऱ्यात एका खोलीत भाड्यानं राहायचो. दीपमालाला आई नव्हती म्हणून बाळंतपण तिथंच झालं, माझ्या कडूबाई मावशीनं केलं. मालकाच्या नळावरनं हंडे भरून आणायचं काम माझं. एका लुगड्याचा पडदा लावलेला, पडद्याआड वाफ, आणि मावशी आतनं ओरडायची, अजून आण रे. मी अजून आणायचो. मग ती पाय लांब करून बसायची, पायावर बाळ पालथं, आणि पाणी पडायचा आवाज. आधी बाळाच्या पाठीवर, मग फरशीवर, मग मोरीतनं गल्लीत. पिवळसर पाणी गल्लीतनं वाहत जायचं आणि मी पडद्याबाहेर रिकामा हंडा घेऊन उभा, पगार यायला अवकाश, खिशात चहापुरतेही नाहीत, पण श्रीमंत म्हणजे काय ते मला त्या आवाजात कळलं होतं. ते पाणी असं वाहून जाताना मला जराही हळहळ वाटली नव्हती. आता हात धुताना तोटीखाली वाटी धरणारा मी, तेव्हाचा तो माणूस कुठला होता असं वाटतं.

एक्कावन्न हजार आले असते तर तीन महिने दिवसाआड टँकर ठरवता आला असता. मजीदभाई म्हणायचा, बेटी का मामला है गोकुळभाई, पैसे की बात मत निकालो. पण त्याचं डिझेल काही फुकट येत नाही आणि मागची उधारी मला रस्त्यात तोंड वर करू देत नव्हती. म्हणून औरंगपुऱ्यातनं फोन आला, की अंदाजपत्रक उद्या मंजुरीला जातंय, त्याआधी बक्षीसवाल्याला समक्ष ऐकायचंय, तेव्हा मी रजा टाकली. तोच तो दिवस, कोळी पडला तो. उरलेली दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दीपमालानं हातावर दही ठेवलं. काय वाट्टेल ते बोला पण पैसे घेऊन या म्हणाली. ती अशी कधी बोलत नाही.

तिसऱ्या मजल्यावर एका लांब टेबलाच्या ह्या बाजूला सत्यम सर आणि त्या बाजूला वित्त शाखेच्या तहरीम मॅडम. वय प्रेरणाएवढंच असेल. डोक्यावरनं ओढणी, समोर गणकयंत्र, आणि बोलायची पद्धत अशी की एक शब्द वाया नाही. दोघं एकमेकांकडं न बघता बोलत होते आणि मी मध्ये, लग्नाच्या बोलणीत पोरगी बसवतात तसा. सत्यम सर म्हणाले, मीटर शून्य म्हणजे आलेलं सगळं पाणी वाचलं, असा सरळ हिशोब आहे. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं वळल्या.

'काका, एक सांगा. तुमच्याकडं पाणी आलंच नाय, तर तुम्ही वाचवलं कसं?'

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. वर सरकारी पंखा फिरत होता, भिंतीवर सरकारी घड्याळ होतं, आणि सरकारी खुर्चीत बसलेलं माणूस म्हणत होतं की पाणी आलंच नाही. घर बांधल्यापासनं हे वाक्य माझ्याशिवाय कुणी बोललं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच वाटलं, लपव, हे पण मीटरवर लागेल. मी शहाणा होतो तर. इतकी वर्षं माझे डोळे, माझी तोटी, माझी बादली सगळं ठीक होतं. ही पोरगी माझे पैसे अडवून बसली होती आणि मला तिला घरी जेवायला बोलवावंसं वाटत होतं.

सत्यम सर पुढं झुकले. म्हणाले, नीट विचार करा म्हस्केसाहेब, पाणी यायचं पण आम्ही वापरलं नाही, एवढंच म्हणायचंय, आज संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात. मॅडम म्हणाल्या, नाही आलं म्हणालात तर बक्षीस गेलं, पण तुमची तक्रार मी पुन्हा उघडायला लावीन. सरळ होतं सगळं. एका बाजूला बाज, डिंक, केसरबाई, हातावरचं दही. नुसतं 'यायचं' म्हणायचं. तीन अक्षरं. मी तोंडही उघडलं. ओठ 'य'साठी तयार झाले होते, आणि नेमकं त्याच वेळी डोळ्यांसमोर ते सभागृह आलं, हसून लोटपोट झालेलं, आणि पाठीत पडलेली थाप. इथं कुणी हसत नव्हतं. इथं एक माणूस पेन खाली ठेवून माझं ऐकायला बसलं होतं. ही संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती, आणि दीपमाला, मला माफ कर, पण माणसाला पैशापेक्षाही कधी कधी आपलं खरं आहे एवढं ऐकून घ्यायची भूक असते.

'नाय आलं,' मी म्हणालो. 'एक थेंब नाय. आज सकाळी कोळी आला.'

कुणीही हसलं नाही. मॅडमनी मान हलवली. सत्यम सरांनी कोटाचं बटण उघडलं आणि पुन्हा लावलं. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन काय सांगायचं ह्याचीही भीती वाटेना. हे सुख जेमतेम चहा येईपर्यंत टिकलं. चहाबरोबर वित्त शाखेचे मोठे साहेब आत आले, पोट पुढं, चष्मा कपाळावर. काय ठरलं विचारलं. मॅडमनी सांगितलं, ग्राहकाच्या सांगण्यानुसार पाणी पोचलेलं नाही, म्हणून बक्षीस नाही. साहेब खूश झाले, बशीत चहा ओतला, आणि सहज म्हणून मला विचारलं, पाणीपट्टी भरता का हो तुम्ही. आता ह्याचा मला अभिमान. दरसाल भरतो साहेब, म्हणालो, आजपर्यंत एक वर्ष चुकवलेलं नाय.

साहेबांची बशी तोंडापर्यंत गेलेली खाली आली. ते सत्यम सरांकडं बघायला लागले आणि सत्यम सर त्यांच्याकडं. दोन वर्षांत त्या दोन मजल्यांनी एकमेकांकडं बघितलं असेल तर ते तेव्हा. मला स्टोअरचा हिशोब कळतो, मलाही दिसायला लागलं. पाणी आलं नाही म्हणायचं तर घेतलेली पट्टी परत करायला पाहिजे. मला केली तर गल्लीच्या टोकाच्या प्रत्येक घराला, आणि ह्या शहरात गल्ल्या काय कमी आहेत. त्या भोकापुढं एक्कावन्न हजार म्हणजे किस झाडकी पत्ती. साहेब अतिशय मायेनं म्हणाले, अहो, पहाटे येऊन जात असेल, तुम्ही झोपेत असता. सत्यम सर म्हणाले, शक्य आहे सर, दाब चांगला असतो पहाटे. साहेब म्हणाले, मीटर आहे, त्यावर शून्य आहे, म्हणजे वापर नाही, म्हणजे बचत. मी म्हणालो, पण साहेब, मी सांगतोय ना. ते म्हणाले, तुमचा विनय आम्हाला माहीत आहे. आणि मला आणखी एक चहा मागवला. जे दोन अंदाजपत्रकांत जमलं नव्हतं ते दुसरा कप संपायच्या आत जमलं. माझ्या होकाराची कुणाला गरजच नव्हती.

मी जिन्यात आलो तेव्हा तहरीम मॅडम मागनं आल्या. दोन पायऱ्या वरच थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, 'काका, तुमचं खरंय. मला माहितीय. आमच्याकडं पण नाय येत.' आणि परत वर गेल्या. मी कठड्याला धरून उभा राहिलो. संध्याकाळी, औरंगपुऱ्याच्या गर्दीत स्कूटरला किक मारत असताना खिशात फोन थरथरला. पैसे जमा. आजूबाजूनं हॉर्न वाजत होते, एक बाई गाडा अडवून टोमॅटोचा भाव करत होती, आणि मी हरलो का जिंकलो हे मला ठरवता येईना. घरी गेलो, दीपमालाला फोन दाखवला. तिनं तो देवापुढं ठेवला. मग पाना घेतला आणि स्वतः जाऊन फाटकावरची पाटी काढली.

पुढचं सगळं बायकांनी केलं. दीपमालानं नाशकाला फोन करून पाण्याची चांगली सोय झालीय एवढंच सांगितलं, गच्चीवर दुसरी टाकी चढली, आठव्यात जावयांनी प्रेरणाला आणून सोडलं. मुलगी झाली. केसरबाई रोज सकाळी यायची, न्हाणीघराचं दार लोटून घ्यायची आणि आतनं ओरडायची, अजून आणा. मी हौदातनं बादल्या काढून द्यायचो. तो वास आता खराच येत होता. पाणी पडायचा आवाज ऐकत मी दाराशी रिकामी बादली घेऊन उभा राहायचो आणि केसरबाई म्हणायची, व्हा बाजूला, लई वेळ उभं राहता तुम्ही. मोरीतनं पिवळसर पाणी गल्लीत जायचं. मी त्याच्यामागं फाटकापर्यंत जाऊन बघायचो.

बाराव्या दिवशी बारशाला विहीणबाई आल्या. फाटकाशी थबकल्या, पाटीची रिकामी जागा बघितली, आत आल्या. दोरीवर दुपट्यांची रांग वाळत होती, अंगण धुतलेलं, प्रेरणा उंबऱ्यात उभी, ओल्या केसांना पंचा बांधलेला, छातीशी बाळ. विहीणबाईंनी सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाल्या, 'पाणी येतं की हो तुमच्याकडे!'

इतकी वर्षं मी ज्या वेळेची वाट बघत होतो ती ही. ऐकायला आख्खं घर जमलेलं, आणि खरं काय ते माझ्याइतकं पाठ कुणालाच नव्हतं. एक्कावन्न हजारांसाठी जे मी म्हणालो नव्हतो ते आता कुणी फुकट मागत होतं. प्रेरणा माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे चहाच्या कपाकडं बघताना असणार आणि जे मला तेव्हा दिसलं नव्हतं.

'येतं की, ताई,' मी म्हणालो. 'पुरून उरतं.'

दीपमालानं खाली बघून पदर नीट केला. प्रेरणाचे खांदे उतरले. आणि त्याच वेळी गल्लीतनं मजीदभाईचा टँकर आला, आजचा आमचा वार, खडखडत फाटकाशी येऊन उभा राहिला. विहीणबाई वळल्या. हा कुणाकडे, त्यांनी विचारलं. मजीदभाईनं खिडकीतनं पाहुणे बघितले, दुपटी बघितली, मग माझं तोंड बघितलं. उतरला, पाइप खांद्यावर टाकला आणि शेजारच्या घराकडं चालायला लागला. जाताना म्हणाला, 'बाजूवाले का है जी. इनके यहाँ तो पानी आता.'

विहीणबाई समाधानानं आत गेल्या. भिंतीपलीकडं, शेजाऱ्याच्या हौदात, आमच्या पैशाचं पाणी पडायला लागलं. चांगलं धो धो पडत होतं. मी अंगणात उभा राहून ते ऐकत होतो, पाटीवरच्या त्या थेंबासारखा हसरं तोंड करून.